पवनचक्की वाऱ्यावर फिरते की सवलतीवर?

सातारा सोडून सज्जनगड, ठोसेघर करत गाडी चाळकेवाडीच्या पठारावर आली की मागच्या सीटवर पेंगणारी मुले एकदम जागी होतात. समोर नजर जाईल तिथपर्यंत पांढऱ्या पवनचक्क्या! काही जोरात फिरणाऱ्या, काही संथ, आणि एखाददुसरी अगदी स्तब्ध उभी. "ती का बंद आहे?" हा मुलांचा पहिला प्रश्न आणि "तिथे वारा नसेल" हे मोठ्यांचे ठरलेले उत्तर. शेजारची चक्की गरगर फिरत असताना हिलाच वारा कसा नाही, हे मुलांना पटत नाही, आणि त्यांचे बरोबरच असते. चक्की बंद असण्याची कारणे पुष्कळ असू शकतात. दुरुस्ती चालू असेल, वीजवाहिनीत बिघाड असेल. पण ती चक्की तिथे कोणी उभी केली, कोणत्या महिन्यात केली, केवढी मोठी केली आणि ती बंद पडली तर मालकाला किती झोंबते, याची उत्तरे वाऱ्यात सापडत नाहीत. ती सापडतात सरकारच्या अर्थसंकल्पात.

प्रदूषण कमी व्हावे, कंपन्यांनी अधिक स्वच्छ यंत्रे शोधून काढावीत असे सरकारला वाटते, तेव्हा त्याच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात. घाण करणाऱ्या इंधनावर कर बसवायचा, नाहीतर स्वच्छ यंत्राला सवलत द्यायची. ऐकायला सोपे वाटते. पण सवलत नेमकी कशावर द्यायची? यंत्र विकत घेण्यावर, की यंत्राने केलेल्या कामावर? सगळी गोम इथेच आहे. कारण जिकडून पैसा येतो, तिकडेच कंपनीचे डोके चालते. आपल्या देशात पवनऊर्जेच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार आलटून पालटून करून झाले आहेत, आणि त्यासाठी सोडून दिलेला पैसा तुमच्याआमच्या तिजोरीतला होता.

कोटीची चक्की, लाखांची बचत

नवी स्कूटर घरी आणली की वर्षभरातच तिची किंमत उतरते. कारखान्यातील यंत्रांचेही तसेच असते. या उतरलेल्या किमतीला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. कंपनीने हा घसारा नफ्यातून वजा करायचा आणि उरलेल्या नफ्यावर कर भरायचा, असा नियम आहे. नव्वदच्या दशकात साध्या यंत्रसामग्रीवर वर्षाला २५ टक्के घसारा मिळे. पवनचक्कीवर मात्र पहिल्याच वर्षी पूर्ण १०० टक्के!

याचा अर्थ काय, ते एका उदाहरणाने पाहू. साल १९९४-९५. एका कंपनीला एक कोटी रुपये नफा झाला. अधिभार धरून कराचा दर तेव्हा ४६ टक्के होता. म्हणजे ४६ लाख रुपये सरकारजमा. पण त्याच कंपनीने एक कोटीची पवनचक्की घेतली, तर तिची सगळी किंमत घसारा म्हणून वजा होई, करपात्र नफा शून्य होई आणि ४६ लाख कंपनीकडेच राहत. काटेकोरपणे पाहिले तर हा कर माफ होत नव्हता, पुढे ढकलला जात होता. पण बिनव्याजी ढकलला जात होता, आणि त्या काळचे व्याजाचे दर आठवले तर ही काही लहान मेहेरबानी नव्हे. शिवाय चक्कीच्या किमतीचा मोठा भाग कर्जाने उभा राही. १९८७ मध्ये स्थापन झालेली 'इरेडा' ही सरकारी वित्तसंस्था त्यासाठीच होती. मालकाने स्वतःच्या खिशातून पंचवीस-तीस लाख घातले आणि पहिल्याच वर्षी ४६ लाखांचा कर वाचवला, असा हा व्यवहार. चक्की फिरली तर उत्तमच, पण नाही फिरली तरी मालकाची झोप उडत नसे.

परिणाम झपाट्याने दिसला. १९८६ च्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर, गुजरातेत ओखा येथे आणि तामिळनाडूत ५५ किलोवॅटच्या मोजक्या डॅनिश चक्क्या प्रात्यक्षिक म्हणून उभ्या राहिल्या होत्या. दहा वर्षांनी, १९९५-९६ या एकाच वर्षात देशात सुमारे ३८० मेगावॅट क्षमतेची भर पडली. सूतगिरण्या, सिमेंट कंपन्या, औषध कंपन्या, चित्रपट व्यवसायातील मंडळी, असे सगळेच पवनचक्क्यांचे मालक झाले. यातले सगळेच करासाठी आले होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तामिळनाडूतील सूतगिरण्यांना वीजकपातीने जेरीस आणले होते आणि त्यांना खरोखरच वीज हवी होती. त्यांच्या चक्क्यांवर त्यांचे लक्षही असे. पण ज्याला फक्त कर वाचवायचा होता, त्याचा सल्लागार अभियंता नसून सी. ए. होता.

सप्टेंबरची घाई

प्राप्तिकराच्या नियमात एक छोटे कलम आहे. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर घसारा निम्माच मिळतो. म्हणजे पूर्ण लाभ हवा असेल तर चक्की सप्टेंबरअखेर सुरू झालेली हवी, आणि निम्म्यावर समाधान असेल तर ३१ मार्चपर्यंत. त्यामुळे चक्क्या उभारण्याची झुंबड उडे ती या दोन महिन्यांत. गंमत अशी की आपल्याकडे वाऱ्याचा खरा हंगाम मे-जून ते सप्टेंबर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून सुरू केलेली चक्की वर्षाचा सगळा घसारा घेऊन जाई आणि वारा मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत गायब! शेतकरी पेरणीची तारीख पंचांगात आणि आभाळात पाहतो. पवनचक्कीवाले ती प्राप्तिकर कायद्यात पाहत होते.

अशा बाजारात चक्की बनवणाऱ्या कंपनीने कशात डोके घालावे? लवकर पोहोचवणे, लवकर उभारणे, कागदपत्रे वेळेत पुरी करणे यात. पाते दोन मीटरने वाढवून युनिटे वाढवण्यात फारसे हशील नव्हते, कारण गिऱ्हाईक ते विचारतच नव्हते. परदेशातून परवान्यावर तंत्र आणायचे आणि सुटे भाग जोडायचे, यावर बहुतेकांचे भागत होते. तेथील थंड हवेसाठी बनलेली यंत्रे इथल्या उन्हात, धुळीत आणि रोज कोलमडणाऱ्या वीजजाळ्यात धापा टाकत. पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष वीज अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली.

मग १९९६ मध्ये सरकारने किमान पर्यायी कर आणला. ताळेबंदात भरघोस नफा दाखवणाऱ्या कंपन्यांनी शून्य कर भरू नये, हा त्यामागचा रास्त विचार. पुढच्या वर्षी कंपनीकराचा दर ४० वरून ३५ टक्क्यांवर आला आणि अधिभारही गेला. यातला एकही निर्णय पवनचक्क्यांविरुद्ध नव्हता. पण करच कमी भरायचा, तर वाचवायचा काय? १९९७-९८ मध्ये नव्या चक्क्यांची भर शंभर मेगावॅटच्याही खाली गेली. वारा तोच होता, डोंगर तेच होते.

हेच आधी कॅलिफोर्नियात घडले होते

हा अनुभव जगाला नवा नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र आणि राज्य यांच्या मिळून जवळजवळ ५० टक्क्यांच्या करसवलती पवनचक्क्यांना मिळत होत्या, त्याही गुंतवणुकीवर. डॉक्टर, दंतवैद्य, वकील यांनी पैसे घातले. आल्टामाँट खिंडीसारख्या जागी हजारो चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेक नीट तपासलेल्याही नव्हत्या, आणि पाती तुटणे, यंत्रे बंद पडणे हे नित्याचे झाले. १९८५ च्या अखेरीस केंद्राची सवलत संपली आणि बाजार बसला.

त्याच सुमारास डेन्मार्कनेही सवलत दिली होती, आणि तीसुद्धा यंत्राच्या किमतीवरच. १९७९ पासून चक्कीच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान तेथे मिळे. फरक होता तो एका अटीचा. रिसो येथील सरकारी चाचणी केंद्राने मान्यता दिलेल्या चक्कीलाच ते अनुदान मिळे. त्यामुळे शेतीची अवजारे बनवणाऱ्या लहान कारखानदारांनाही आपली चक्की घेऊन अभियंत्यांसमोर उभे राहावे लागले. ब्रेक नीट लागतो का, पाते किती ताण सोसते, हे सिद्ध करावे लागले. दर वर्षी यंत्रे थोडी सुधारत गेली, अनुदान थोडे कमी होत गेले आणि १९८९ मध्ये ते बंद झाले. कॅलिफोर्नियाच्या तेजीत टिकून राहिलेल्या चक्क्यांत डॅनिश चक्क्यांचा वाटा मोठा होता, तो यामुळेच. अर्थात सवलतीवर पोसलेल्या बाजाराचा फटका त्यांनाही चुकला नाही. अमेरिकेतील मागणी आटल्यावर व्हेस्टास या नामवंत डॅनिश कंपनीचे १९८६ मध्ये दिवाळे निघाले आणि तिला नव्याने उभे राहावे लागले.

भारतात अशी तपासणी करणारे केंद्र चेन्नईला स्थापन झाले ते १९९८ मध्ये, म्हणजे पहिली लाट येऊन ओसरल्यावर. उशीर झाला हे खरे. पण झाले हे महत्त्वाचे.

कापडवाला पुण्यात येतो

महाराष्ट्रात पवनचक्क्यांनी जोर धरला तो १९९८ नंतर. राज्य सरकारने घसाऱ्याच्या जोडीला विक्रीकरात सवलत देऊ केली. साहजिकच ज्यांचा विक्रीकर मोठा, अशा उद्योगांना पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठाराची आठवण झाली. कोयनेच्या जलाशयाच्या वर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेले हे पठार. पावसाळ्यात माणसाला उभे राहू न देणारा वारा इथे पूर्वीपासून होताच. चारचाकी रस्ता मात्र चक्क्यांबरोबर आला. बजाज ऑटोसारख्या उद्योगांच्या चक्क्या इथे उभ्या राहिल्या. पुढे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलचा परिसरही असाच भरून गेला.

या सगळ्यात एका माणसाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तुलसी तांती हे गुजरातेत सुरतच्या भागात कापडाच्या धंद्यात होते. विजेचे बिल नफा खाऊन टाकते आणि वर वीज वेळेवर मिळतही नाही, या वैतागातून त्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोन पवनचक्क्या घेतल्या. चक्की विकणारा यंत्र देऊन मोकळा होतो, पण जमीन, परवानगी, जोडणी आणि देखभाल यांनी गिऱ्हाईक हैराण होते, हे त्यांना स्वानुभवाने कळले. १९९५ मध्ये त्यांनी सुझलॉन कंपनी काढली आणि गिऱ्हाइकाला जमिनीपासून देखभालीपर्यंत सगळे एका हाती देऊ केले. कंपनीचे मुख्यालय पुण्याला आले. जर्मनीतून घेतलेल्या तंत्रापासून सुरुवात झाली, पुढे कंपनीने युरोपात स्वतःच्या संशोधनशाळा काढल्या, २००६ मध्ये गिअरबॉक्स बनवणारी एक बेल्जियन कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये रीपॉवर या जर्मन कंपनीवर ताबा मिळवला.

यंत्र न विकता सेवा विकणे, हीसुद्धा एक नवी कल्पनाच होती. पण ती कर वाचवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गरजेतून निघाली होती, हे विसरून चालणार नाही. ज्याला पठार कुठे आहे हेही पाहायचे नाही, त्याला असाच विक्रेता हवा असतो.

युनिटमागे पन्नास पैसे

नव्या शतकाच्या सुरुवातीस घसारा १०० वरून ८० टक्क्यांवर आला, पण तत्त्व तेच राहिले. खरा बदल झाला डिसेंबर २००९ मध्ये. सरकारने सांगितले, ज्याला घसाऱ्याची सवलत हवी त्याने ती घ्यावी. ज्याला ती नको, त्याला वीजजाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे मिळतील. सुरुवातीला त्याची कमाल मर्यादा मेगावॅटमागे ६२ लाख रुपये होती.

पन्नास पैसे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण एक मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण ताकदीने चालली असती तर जेवढी वीज देईल, तिच्या २० टक्के वीज तिने दिली, तर ती होते सुमारे साडेसतरा लाख युनिटे. त्यावर पन्नास पैशांनी पावणेनऊ लाख रुपये. हेच प्रमाण २५ टक्के केले की जवळजवळ अकरा लाख, आणि विजेची किंमत वेगळी. विजेची किंमत घसारावाल्यालाही मिळतच होती. पण त्याच्या पैशाचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी परत आलेला असे. या नव्या मालकाची मात्र सगळी मदार युनिटांवर होती. या योजनेमुळे वीज विकणे हाच धंदा असलेल्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. ज्यांना नफा अजून व्हायचा आहे, म्हणून वाचवायला करच नाही, अशा नव्या कंपन्यांना जुन्या सवलतीचा काही उपयोग नव्हता.

गिऱ्हाईक बदलले तसे प्रश्न बदलले. किती युनिटे पडतील? मंद वाऱ्यात चालेल का? भारतातील वारा युरोपच्या समुद्रकिनाऱ्यासारखा दणदणीत नाही. बऱ्याच जागी तो मध्यम किंवा मंदच. तेव्हा उपाय दोन. पाते लांब करायचे आणि मनोरा उंच करायचा. पात्यांनी व्यापलेले वर्तुळ जेवढे मोठे, तेवढा वारा जास्त. आणि उंचीवर वाऱ्याचा वेग वाढतो. वेग दहा टक्क्यांनी वाढला की त्यातील ऊर्जा तब्बल तेहतीस टक्क्यांनी वाढते.

सुझलॉनच्याच यंत्रांची नावे पाहा. एस-८८, एस-९७, एस-१११, एस-१२०, एस-१४४. 'एस'पुढचा आकडा हा फिरणाऱ्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास आहे, मीटरमध्ये. ८८ चे १४४ होताना वर्तुळाचे क्षेत्र पावणेतीन पटींच्या जवळ जाते. २०१४ मध्ये कच्छमध्ये खाली जाळीचा आणि वर नळीचा असा मिश्र बांधणीचा १२० मीटर उंच मनोरा उभा राहिला, तोही मंद वाऱ्याच्या जागा कामी आणण्यासाठी. या प्रगतीचे सगळे श्रेय पन्नास पैशांना देता येणार नाही. जगभर यंत्रे मोठी होतच होती. पण इथल्या मंद वाऱ्यासाठी खास यंत्र घडवायला, ते विचारणारे गिऱ्हाईक आधी यावे लागले.

दुर्दैव असे की हे गिऱ्हाईक स्थिरावण्याआधीच सरकारने हात आखडला. २०१२ च्या मार्चअखेर पन्नास पैशांची योजना संपली आणि वाढीव घसाराही काढला गेला. २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॅटची भर पडली होती, ती पुढच्या वर्षी १,७०० च्या आसपास आली. परदेशी खरेदीच्या कर्जाने आधीच वाकलेल्या सुझलॉनला त्याच वर्षी परकीय रोख्यांची परतफेड जमली नाही, आणि २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. २०१३ मध्ये पन्नास पैसे परत आले, २०१४ मध्ये घसारा परत आला. २०१७ मध्ये पुन्हा पन्नास पैसे गेले आणि घसारा ४० टक्क्यांवर आला. संशोधनशाळेत नव्या पात्याला आराखड्यापासून बाजारापर्यंत यायला काही वर्षे लागतात. सवलतीचे आयुष्य त्याहून कमी असेल तर त्या पात्यावर पैसे कोण लावणार? सरकारी धोरणात यापेक्षा मोठा दोष शोधणे अवघड आहे.

२०१७ मध्ये आणखी एक बदल झाला. ठरावीक दराऐवजी लिलाव आले. जो सर्वांत कमी दरात वीज देईल, त्याला काम. पहिल्याच लिलावात दर ३ रुपये ४६ पैशांवर आणि वर्षअखेरीस गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच. मोठ्या, जास्त वीज देणाऱ्या यंत्रांना यामुळे आणखी मागणी आली. पण २०१६-१७ मधील ५,५०० मेगावॅटची विक्रमी भर पुढच्या वर्षी १,८०० च्याही खाली घसरली. मार्च २०२५ मध्ये देशाची एकूण पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॅटपर्यंत पोहोचली. त्यांत महाराष्ट्राचा वाटा पाच हजारांच्या पुढे आहे.

कोळशावरचा कर कुठे गेला?

सवलतीची ही कथा झाली. कराचे काय? २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. हा पैसा स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाला आणि प्रकल्पांना मिळावा, म्हणून वेगळा निधीही काढला. कल्पना फार चांगली होती. २०१७-१८ पर्यंत या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यातले ३० हजार कोटींहून कमी त्या निधीत गेले, आणि निधीतून प्रत्यक्ष खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द झाला. त्याच वेळी कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के केला गेला आणि पवन व सौर सामग्रीवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला.

आपल्या गच्चीवर

हा सगळा मोठ्या कंपन्यांचा मामला झाला, असे कोणी म्हणेल. पण हाच प्रश्न आता घराघरांच्या गच्चीवर येऊन बसला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरले. हे अनुदान संच बसवण्यावर आहे, त्याने केलेल्या विजेवर नाही. संच सुरू झाल्यावर बसवणाऱ्याकडे देखभाल तेवढी उरते. त्यानंतर तो किती वीज देतो यात रस असतो तो फक्त घरमालकाला, कारण बिल त्याचे वाचायचे असते.

म्हणून संच घेताना किमतीइतकीच चौकशी पुढच्या गोष्टींची करावी. देखभालीची जबाबदारी पुरवठादाराने किती वर्षांसाठी आणि करारात लिहून घेतली आहे? इन्व्हर्टर बिघडला तर किती दिवसांत माणूस येणार? दुपारी पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते का, हे त्याने स्वतः वर येऊन पाहिले का? एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिटे धरतात. म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याकाठी साडेतीनशेच्या आसपास, पावसाळ्यात अर्थातच कमी. उन्हाळ्यात मीटरवरचा आकडा याच्या बराच खाली राहिला, तर पुरवठादाराला फोन करण्याआधी गच्चीवर जाऊन काचेवरची धूळ तेवढी पाहून यावी.